मगदूम, आबाराव आणि मी

"आपण यांच्या कोण?" डॉक्टर सनदींनी मला विचारलं.

मी मगदूमांकडे बघितलं. मगदूम टेबलावरच्या प्लास्टिकच्या मणक्याकडे बघत होते.

"मी यांच्याकडे गाडी शिकते," मी म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गाडी?"

"चारचाकी," मगदूम म्हणाले. "रिव्हर्स अजून नीट येत न्हाई, पण सरळ बरी चालवत्यात."

डॉक्टर वयानं लहान होते, पस्तिशीचे असतील. हसू येत होतं आणि हसायची ती वेळ नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "घरचं कुणी आलं नाही का?"

"बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी बेंगळुरूला असती, तिला कशाला हेलपाटा. तुम्ही बाईंच्या समोर बोला. शाळेत भूगोल शिकवत हुत्या. मला जे कळणार न्हाई ते त्या नंतर सांगतील."

मग डॉक्टर बोलले. इंजेक्शनं आता पुरत नाहीत, असं त्यांचं सांगणं होतं. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेला होताच. दोन वर्षं तो दर तीन महिन्यांच्या इंजेक्शनानं गप्प बसला होता. आता रक्तातला आकडा दर तपासणीला वर चढत होता आणि मगदूमांना पाठ टेकून झोपता येत नव्हतं.

मिरजेतली ही गोष्ट, बारा-तेरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते.

मी कुमुदिनी बिरनाळे. मिरजेतल्या मुलींच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. त्यामागं काही मोठी कथा नाही. ज्यांनी विचारलं ते मला आवडले नाहीत, आणि पुढं कुणी विचारलं नाही. धाकट्या भावाच्या, आदगोंडाच्या घरी राहायची. त्याची मुलं मी वाढवली, ती मोठी होऊन पुण्याला गेली, आणि घरात मी आणि टीव्ही असे दोघे उरलो. आदगोंडा आणि वहिनी होते, पण ते दोघं एकमेकांशी बोलायचे.

एक दिवस भाजी आणायला गेले असताना मला 'मगदूम मोटर ड्रायव्हिंग स्कूल' अशी पाटी दिसली. आयुष्यभर मी फळ्यावर घाट काढले होते. फोंडा घाट, आंबा घाट, आंबोली. खडूनं. मी आत गेले आणि म्हणाले, मला शिकायचंय.

भूपाल मगदूम तेव्हा अडुसष्टचे होते. उंच, सडसडीत, पांढऱ्या मिशा. अर्धी मिरज त्यांच्याकडे गाडी शिकली होती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं नाही, वय विचारलं नाही. "चपला काढून बसा," एवढंच म्हणाले. "पायाला पेडल कळलं पायजे."

त्यांची ती मारुती एटहंड्रेड शिकवायची गाडी होती. शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक बसवलेला. ते तिथं बसायचे आणि मी समोरच्या म्हशीकडे निघाले की शांतपणे दाबायचे.

आठवड्याभरानं, रेल्वेच्या मोकळ्या मैदानावर, मी पहिल्यांदा तिसरा गिअर टाकला. जानेवारीची सकाळ होती, मी स्वेटर घातला होता. शेजारी बघते तर मगदूमांच्या कपाळावरून घाम ओघळतोय. मान लाल झालेली, सदरा छातीला चिकटलेला. त्यांनी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

मी गाडी थांबवली. म्हणजे बंद पाडली.

"माझ्यामुळं झालं का?"

"तुमचा काय संबंध न्हाई. हुतंय असं. पाच मिनटं बसा."

"आधी आतून भट्टी पेटल्यासारखं, छातीतून वर मानेकडं? आणि मग एकदम थंडी वाजते?"

त्यांनी डोकं आत घेतलं. "तुम्हाला कसं ठावं?"

"रात्री चादर भिजते?"

"बाई, तुम्ही कोण हाय नक्की?"

"मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, मगदूम. आठ वर्षं मला हे होत होतं. वर्गात नकाशा दाखवता दाखवता."

तेव्हा त्यांनी मला इंजेक्शनांचं सांगितलं. पुरुषांच्या अंगात जो हार्मोन असतो तो या आजाराचं खाद्य. इंजेक्शन ते तोडतं आणि मग अंग असं तापतं. दोन वर्षांत त्यांनी हे कुणाजवळ बोललेलं नव्हतं. पुरुषमाणसांत बोलण्यासारखं नव्हतंच, आणि बायकांपाशी कोण बोलणार. मी त्यांना सांगितलं, चहा कोमट प्या, सुती बनियन घाला, ओला रुमाल मानेवर ठेवा, रात्री उशाशी हातपंखा ठेवा. ते लक्षपूर्वक ऐकत होते. मग म्हणाले, "समद्या बायकांना हे हुतंय?"

"बहुतेकींना."

"आणि गप बसत्यात?"

"गप बसतात."

त्यांनी काच वर केली. "माझी बायकोबी बसली असंल," ते म्हणाले, "मला कधी पत्ता लागला न्हाई." आणि मग दुसऱ्या मिनिटाला, "चला, क्लच दाबा."

त्या दिवसापासून आमचं जमलं. त्यांना अंग तापायला लागलं की ते फक्त "बाई, आली" म्हणायचे आणि मी गाडी बाजूला घेऊन पर्समधला पंखा काढायची. येणारेजाणारे बघायचे की मगदूमांची विद्यार्थिनी गुरूला वारा घालतेय.

तर डॉक्टर सनदींच्या खोलीत.

"पूर्वी या टप्प्यावर आमच्याकडं फारसं काही नसायचं," डॉक्टर म्हणाले. "शिरेतून द्यायची केमोथेरपी. ती अजूनही आहेच. पण आता गोळ्या आल्यात. इंजेक्शन बंद करायचं नाही, त्याच्या जोडीला घ्यायच्या. इंजेक्शनानं आपण हार्मोनचा मुख्य कारखाना बंद केला. पण मूत्रपिंडावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या थोडा हार्मोन बनवतात. आणि हा आजार इतका चलाख आहे की तो स्वतःही बनवायला शिकतो. ही गोळी ते सगळीकडचं बनणं अडवते."

"म्हंजे बरा हुतो का मी?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. आडवळणानं न बोलल्याबद्दल मला तो पोरगा तिथंच आवडला. "बरं होणं नाही. आटोक्यात राहणं. कुणाला वर्षभर उपयोग होतो, कुणाला दोन वर्षं, क्वचित जास्त. काहींना अजिबात होत नाही. तीन महिन्यांनी कळेल."

बाहेर आल्यावर मगदूम म्हणाले, "आता सांगा."

"कोयनेचे दरवाजे बंद केले तरी मिरजेत कृष्णेला पाणी असतं की नाही?"

"असतंय की. वारणेचं येतंय."

"तर ही गोळी वारणा अडवणार."

मगदूमांनी मान डोलावली. "हे त्यांनी सांगाय पायजे हुतं," ते म्हणाले.

गोळीचं नाव होतं अबिराटेरॉन. ते त्यांच्या जिभेवर काही बसेना. दोन दिवस अबीर, टेरर, टॉरोन असं काहीबाही करून तिसऱ्या दिवशी त्यांनी तिचं नाव 'आबाराव' ठेवलं. आबाराव सकाळी उठल्याउठल्या यायचे, एकदम चार. उपाशीपोटीच घ्यायचे आणि पुढं तासभर काही खायचं नाही. आबारावांबरोबर एक स्टेरॉइडची छोटी गोळी होती, ती जेवणाबरोबर. त्या छोट्या गोळीनं मगदूमांना अशी भूक लागायची की तो सकाळचा तास त्यांना घरात काढवेना. घरात डबे होते आणि डब्यांत लाडू होते.

म्हणून ते आबाराव घेतले की गाडी काढून माझ्या फाटकाशी यायचे. माझा शिकायचा तास तोच झाला. उपाशी माणसाला वाटेत काय काय दिसतं ते मी तेव्हा ऐकलं. "त्या कोपऱ्यावर भजी तळायला घेतल्यात. डावीकडं वळू नका. डावीकडं इडली हाय." मी सगळी मिरज उजवीकडे वळत शिकले.

पहिले दोन आठवडे काही फरक नव्हता. ते गाडीत बसताना दाराला धरून, तोंड आवळून बसायचे. रक्त तपासायचं, रक्तदाब बघायचा, परत यायचं. मी त्यांना काही विचारत नव्हते. त्यांच्या पाठीकडे मात्र लक्ष ठेवून होते. मुलींच्या चेहऱ्यावरून कुणी अभ्यास केलाय ते ओळखायची सवय होती, तशी.

मग एका सकाळी पंढरपूर रस्त्यावर मी खड्ड्यातून गाडी घातली आणि मागचं चाक बसलं.

मगदूम उतरले. डिकीतून जॅक काढला, खाली उकिडवे बसले, आणि मला शिकवत शिकवत नट ढिले करायला लागले. "हा पाना असा घालायचा. जोर हातानं न्हाई लावायचा, पायानं." जॅक वर, चाक काढलं, दुसरं बसवलं. हात झटकत उभे राहिले आणि मला म्हणाले, "कळलं का?"

मी त्यांच्या पाठीकडे बघत होते.

"काय झालं?"

"मगदूम, तुम्ही खाली बसला होता."

त्यांनी खाली रस्त्याकडे बघितलं. मग पाठीवर हात नेला, जिथं ते नेहमी हात धरून चालायचे तिथं. दाबून बघितलं. मग परत खाली बसले. उठले. परत बसले.

"दुखंना झालंय," ते म्हणाले.

"उठा आता. पुरे. मणक्यात आजार आहे, असं वाकायचं नसतं."

"बाई, दुखंना झालंय."

आणि ते हसायला लागले. मीही. कशाला हसतोय ते कळत नव्हतं. उसानं भरलेला एक ट्रॅक्टर आमच्याजवळून गेला, ड्रायव्हरनं हळू करून विचारलं, "काय मदत पायजे का?" मगदूमांनी त्याला सांगितलं, "न्हाई, दुखंना झालंय," आणि तो बिचारा "बरं झालं" म्हणून निघून गेला. आम्ही बॉनेटला टेकून डोळे पुसत उभे होतो. मी शेवटचं कधी अशी हसले होते ते आठवेना.

डॉक्टरांनी नंतर चाक बदलल्याबद्दल त्यांना चांगलं झापलं. मगदूमांनी ते खाली मान घालून, अतिशय आनंदानं ऐकून घेतलं.

मुलीला कळवायला मात्र ते तयार नव्हते. मीच फोन केला. त्यांची त्रिशला माझीच जुनी विद्यार्थिनी. वर्गात खिडकीपाशी बसायची आणि नकाशे सुंदर काढायची. मी तिला सगळं सांगितलं. ती फोनवर रडली, मग रागावली, मग म्हणाली, तीन महिन्यांचा रिपोर्ट यायच्या दिवशी मी येते, आणि अप्पांना घेऊन जाते.

त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत तीन खुर्च्या लागल्या. डॉक्टरांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. आकडा एकशे चाळीसच्या वर गेलेला होता, तो तीनवर आला होता. हाडांच्या स्कॅनमध्ये नवीन काही नव्हतं.

"वारणा अडली," मगदूम म्हणाले.

डॉक्टरांना कळलं नाही. पण ते मनापासून हसत होते. त्यांनाही असं सांगायला रोज मिळत नसणार. मग त्यांनी आवरतं घेऊन पुन्हा ते वर्षाचं, दोन वर्षांचं सांगितलं, पोटॅशियमचं सांगितलं, पाय सुजले तर लगेच या म्हणाले. मगदूम प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" करत होते. बाहेर पडताना त्यांनी डॉक्टरांशी हात मिळवला, नर्सशी मिळवला, आणि बाकावर बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांशीही मिळवला.

"आता घरी," त्रिशला म्हणाली.

"आता दंडोबाला," मगदूम म्हणाले. "बाईंचा घाट राहिलाय."

दंडोबाचा डोंगर मिरजेपासून जवळ आहे. वर देऊळ आहे, झाडी आहे, आणि वर जाणारा रस्ता माझ्यासारखीला पुरेल इतका वळणाचा आहे. मी चालवायला बसले, मगदूम शेजारी, त्रिशला मागे. तिनं दोन्ही हातांनी माझी सीट धरली होती.

"बाई, तुमच्याकडे लायसन्स आहे ना?"

"शिकाऊ आहे."

"अप्पा."

"माझ्याकडं ब्रेक हाय," मगदूम म्हणाले. ते खिडकीतून हात बाहेर काढून वाऱ्यात बोटं हलवत होते. गाणं गुणगुणत होते. भोसे गाव मागं पडलं, रस्ता चढायला लागला. मी दुसरा गिअर टाकला. वळण, परत वळण. खाली शेतांचे चौकोन दिसायला लागले आणि मला वाटलं, इतकी वर्षं मी फळ्यावर जे काढत होते ते हेच, फक्त कुणी सांगितलं नव्हतं की यात पोटात असे खड्डे पडतात.

त्रिशलाला मात्र खाली बघायचं नव्हतं. ती मागून बोलायला लागली. "अप्पा, मी खोली तयार ठेवलीय. तिथं मोठी हॉस्पिटलं आहेत. गोळी चालेल तोवर चालेल, पुढं काही झालं तर मी मिरजेला किती वेळा येऊ? चला माझ्याबरोबर."

"बघू."

"बघू काय? इथं तुमचं कोण आहे?"

नेमकी त्याच वेळी वळणावरून शेळ्या आल्या. सगळा रस्ता भरून. मी ब्रेक दाबला. गाडी चढावर थांबली, नाक आभाळाकडं. शेळ्या दोन्ही बाजूंनी घासून जाऊ लागल्या आणि एकीनं माझ्या आरशात बघत उभं राहायचं ठरवलं.

मी ब्रेक तसाच दाबून धरला. चढावर थांबलेली गाडी पुन्हा काढणं हा मला कधीही न जमलेला धडा होता. त्रिशला मागून म्हणत होती, "सांगा ना, कोण आहे?" मगदूमांचं गुणगुणणं थांबलं होतं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, त्यांनी हात खिडकीतून आत घेतला होता आणि मांडीवर ठेवला होता. ते जाणार होते. मला ते त्या हातावरून कळलं. मुलगी बोलावतेय, बापाकडं नाही म्हणायला काही कारण नाही, ते उद्या-परवा बॅग भरतील आणि जातील.

"मगदूम," मी म्हणाले, "मला तुमच्याशी लग्न करायचंय. पण आधी ही गाडी कशी काढायची ते सांगा."

मागं त्रिशलाच्या हातून माझी सीट सुटली. शेळी मात्र आरशातून हलली नाही.

"हँडब्रेक वढा," मगदूम शेवटी म्हणाले. "पयला गिअर. क्लच हळू सोडा. हळू. गाडी थरथरली की तिथंच थांबा. आता ॲक्सिलरेटर. आता हँडब्रेक सोडा."

गाडी गेली. मागं एक बोटभरही न सरकता पुढं गेली. शेळी बाजूला झाली. मी इतकी खूश झाले की काय बोलून बसलेय ते पुढच्या वळणापर्यंत माझ्या ध्यानातच आलं नाही. मग आलं, आणि कानशिलं तापली. ती वयाची उष्णता नव्हती.

वर पोचल्यावर त्रिशला उतरली आणि काकड्या विकणाऱ्या बाईकडे गेली. मी आणि मगदूम कठड्यावर बसलो.

"बाई, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं न्हाई का तुम्ही? एक वर्ष. दोन वर्षं."

"ऐकलं. मीच तुम्हाला समजावून सांगितलंय."

"एवढ्याशासाठी कोण लग्न करतं?"

"मी एकसष्ट वर्षं केलं नाही. त्यापुढं एक वर्ष भरपूर आहे."

खाली मिरजेच्या बाजूला धुरकट दिसत होतं. "आणि दुसरं," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "ती इंजेक्शनं. मी आता नावालाच पुरुष हाय. नवरा म्हणून काय उपयोगाचा न्हाई. तुम्हाला कळायला पायजे."

"मला तुमच्या अंगाच्या आतली भट्टी कळते, मगदूम. बाकीचं कळत नसेल असं वाटलं का तुम्हाला?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. काही म्हणणार होते, तेवढ्यात त्रिशला परत आली. हातात तिखटमीठ लावलेल्या काकड्या, डोळे लाल.

"बाई, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही जन्मभर दुसऱ्यांचंच केलंत. भावाचं, भाच्यांचं. आता अप्पांची सेवा करायला म्हणून हे कशाला? आम्ही नर्स ठेवू. तुम्ही आमच्यासाठी असा त्याग करायची गरज नाही."

मला एकदम समजलं की सगळे हेच म्हणणार. आदगोंडा म्हणेल, वहिनी म्हणेल, शाळेतल्या मैत्रिणी म्हणतील. बिरनाळेबाई किती थोर. आणि मला थोर व्हायचा इतका कंटाळा आला होता.

"त्रिशला, सेवा मला येतेच, ती लागली तर करीन," मी म्हणाले. "पण मी त्यासाठी लग्न करत नाहीय. मला तुझ्या वडिलांबरोबर मजा येते."

"मजा?"

"मजा. सकाळी सहाला फाटकाशी हॉर्न वाजला की माझ्या पोटात गुदगुल्या होतात. मला आयुष्यात इतकी मजा कधी आली नव्हती. मला ती अजून हवीय. जितकी असेल तितकी."

त्रिशला माझ्याकडे बघत राहिली, वर्गात अवघड प्रश्न विचारल्यावर बघायची तशी. मग वडिलांकडे वळली. "आणि तुम्हाला, अप्पा?"

मगदूमांच्या तोंडात काकडी होती. त्यांनी ती सावकाश चावून गिळली.

"मी तर सहाला नव्हं, साडेपाचलाच गाडी काढून कोपऱ्यावर उभा असतोय," ते म्हणाले. "लवकर गेलं तर बाईंना बरं दिसणार न्हाई म्हणून."

पुढचं इथंच सांगून टाकते. आबाराव आमच्याकडे दोन वर्षं आणि वर काही महिने राहिले. मग आकडा पुन्हा चढू लागला. तोवर दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या मिळू लागल्या होत्या; त्यांनी काही दिवस निभावलं. मग शिरेतली केमोथेरपी, तीही त्यांनी घेतली, केस गेले, मिशा गेल्या, पुन्हा आल्या. लग्नानंतर पाच वर्षांनी मगदूम गेले, घरी, त्रिशला आणि मी दोघी जवळ असताना. शेवटचे काही महिने कठीण होते. ते कठीणच असतात. पण त्याआधी आम्ही बदामीला गेलो, गोकर्णला गेलो, आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलो, आणि सगळीकडे गाडी मी चालवली. मला लोक भेटले की हळू आवाजात विचारतात, फक्त पाचच वर्षं ना? मी हो म्हणते. त्यांना काय सांगणार.

लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. सांगलीच्या कार्यालयात आम्ही वेळेच्या आधी पोचलो. मी मोरपंखी साडी नेसले होते, मगदूमांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. आदगोंडा महिनाभर माझ्याशी बोलला नव्हता, पण त्या दिवशी तो आणि वहिनी पेढ्यांचा खोका घेऊन आले आणि भिंतीशी अवघडून उभे राहिले. ते दोघं आणि त्रिशला साक्षीदार होते. बाहेर व्हरांड्यात तीन-चार तरुण जोडपी, त्यांचे मित्र, कुणाकुणाचे रागावलेले आईबाप.

दारातला शिपाई बाहेर आला आणि त्यानं पुकारा केला, "मगदूम-बिरनाळे."

आम्ही दोघं पुढं झालो.

शिपायानं आम्हाला हातानं थांबवलं. अगदी अदबीनं. "काका, काकू, तुम्ही जरा बाकावर बसा. आईवडिलांना नंतर बोलावतो. आधी मुलगा-मुलगीला आत पाठवा."

मगदूमांनी मागं वळून बघितलं, जणू मुलगा-मुलगी तिथं कुठं दिसतायत का. मग त्यांनी माझा हात धरला. पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर.

"मुलगा मीच हाय," ते म्हणाले. "ही मुलगी."

मग त्या तरुणांतली एक नवरी फिसकन हसली, तिच्यामागोमाग तिचा नवरा, आणि मग रागावलेले आईबापसुद्धा. आदगोंडा हसू दाबायला खोकू लागला आणि त्याच्या हातातला पेढ्यांचा खोका कलंडला. शिपाई लाजून "या, या, मुलगी आधी" असं म्हणत दार धरून उभा राहिला. त्रिशलाला हसून हसून पायरीवर बसावं लागलं, आणि आत साहेब खोळंबलेले असताना तिची वाट बघत आम्ही दोघं दारात उभे राहिलो, कारण तिसऱ्या साक्षीदाराशिवाय आमचं लग्न लागणार नव्हतं आणि साक्षीदाराला काही केल्या उठता येत नव्हतं.